कंबर म्हणजे कुठे

माझ्या आईचं हाड मोडलं होतं खुब्यात, आणि घरातली माणसं आठवडाभर तिची कंबर शेकत होती.

हे झालं अकोल्याला, माझ्या धाकट्या भावाच्या घरी, ऐन वैशाखात. मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून निकाल लागेपर्यंत आमची सुटका नसते, त्यामुळे आई पडली हे मला फोनवरच कळलं. कूलरमध्ये पाणी टाकायला गेली, फरशी ओली होती, डाव्या कुशीवर पडली, असं भावाने सांगितलं. लगेच दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, कमरेला नुसता मार लागलाय. डॉक्टरने पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आराम करा म्हणाले. चालते का, असं मी विचारलं, तर म्हणाला, भिंत धरून संडासला जाते, कण्हत कण्हत. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई पडल्यावर कण्हणारच. एक्स-रेच काढला म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही.

रोज संध्याकाळी फोनवर तोच अहवाल यायचा. भावजय कोमट केलेलं जवसाचं तेल कमरेला चोळत होती, गरम मिठाची पुरचुंडी करून शेकत होती. आई फोनवर आली की म्हणायची, बरं आहे बाप्पा, तू तुह्या पेपरचं पाय. मग एके दिवशी भाऊ म्हणाला, आज उठलीच नाही. पाय टेकवतच नाही. संडासला दोघांनी धरून न्यावं लागलं.

शाळेत रजा कळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी पकडली. नवऱ्याला सांगितलं, जमेल तसं शिजवा, मी केव्हा येईन ते सांगता येत नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीतून झळा यायला लागल्या होत्या. अकोल्याला उतरले, रिक्षा केली आणि घरात शिरल्याबरोबर बॅगसुद्धा खाली न ठेवता आईकडे पाहिलं.

ती कूलरसमोर दिवाणावर उताणी पडली होती. पोटावर पट्टा करकचून बांधलेला. उजवं पाऊल छताकडे बोटं करून सरळ होतं. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला पार लवंडलेलं, करंगळी गादीला टेकलेली. दोन्ही टाचा पाहिल्या तर डावी टाच थोडी वर होती.

आमच्या प्रयोगशाळेत लोखंडी दांड्याला टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा आहे. मुलं त्याच्याशी हात मिळवून मिळवून त्याचे सांधे खिळखिळे करतात. त्याचा पाय खुब्याच्या हुकातून निसटला की तो अगदी असाच बाहेर फिरतो आणि लोंबतो. मी पाहिलं आणि मला डॉक्टर असण्याची गरज पडली नाही.

दारात भाऊ उभा होता, त्याच्यामागे शेजारचे काका, आजाऱ्याला पाहायला आलेले. मी आईला विचारलं, कुठे दुखतं?

"कमरीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, कंबर म्हणजे नेमकी कुठे, बोट ठेव. तिने दाराकडे पाहिलं आणि चिडून म्हणाली, दुखते म्हटलं ना, बोट काय ठेवू? मी भावाला माठातलं पाणी आणायला पाठवलं, काकांना पुढच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. मग तिने हात पट्ट्यावरून खाली आणला, लुगड्याच्या निऱ्यांवरून आणखी खाली, आणि मांडी जिथे पोटाला मिळते त्या घडीत बोट रोवलं.

"अथी. अन् मंग अथून गुडघ्यापर्यंत जाते कळ."

"ही कंबर आहे का, माय?"

"मंग तुह्या भावासमोर अन् त्या डॉक्टर पोट्ट्यासमोर जांघ म्हणू का वं मी?"

तिचं उत्तर बरोबर होतं. आमच्याकडच्या बाईला बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जे काही होतं ते सगळं कमरेत होतं. पाळी आली की कंबर दुखते. दिवस भरले की कंबर भरून येते. अंग बाहेर येत असलं तरी पंचवीस वर्षं ती बाई कंबर धरूनच चालते आणि कोणी विचारलं तर म्हणते, कमरेचं आहे थोडं. पुस्तकात माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात. आमच्या बायकांना ती एवढी लागत नाहीत. चारचौघात डोकं, पाठ, कंबर आणि गुडघा एवढ्यावर त्या जन्म काढतात.

तो डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा होता, सभ्य होता. त्याने विचारलं, आजी, कुठे लागलं? आजी म्हणाली, कमरीत. मुलगा शेजारी उभा. डॉक्टरने कमरेचा फोटो काढला. त्यात कमरेचे मणके आले, वयाप्रमाणे झिजलेले पण न मोडलेले. तो खोटं बोलला नाही, आईही खोटं बोलली नाही. एकाने पुस्तकातली कंबर ऐकली आणि दुसरीने घरातली सांगितली.

भाऊ म्हणाला, मागच्या सीटवर निजवून कारने नेऊ. मी नको म्हटलं. रुग्णवाहिका बोलावली, दोन पायांमध्ये उशी घालून दोन्ही पाय ओढणीने एकत्र बांधले, आणि तिला चादरीसकट उचललं. या सगळ्यात ती एकदाच ओरडली, आणि तेही डोकं सावरताना माझी बांगडी तिच्या केसात अडकली म्हणून.

हाडांचे डॉक्टर वयस्क होते, इकडचेच. त्यांनी नवा फोटो भिंतीवरच्या उजेडाला लावला आणि पेनाने दाखवलं. मांडीचं हाड वर जाऊन आत वळतं आणि त्याच्या टोकाला गोळा असतो. तो गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. हाड आणि गोळा यांच्यामध्ये जी बारीक मान असते ती मोडली होती. पडली तेव्हा नुसती चिरली असेल, म्हणून ती भिंत धरून चालू शकली, असं त्यांचं म्हणणं पडलं. चालून चालून ती सरकली. मग त्यांनी जुना फोटो मागून घेतला, शेजारी लावला. त्या डॉक्टरबद्दल ते एक शब्द वाईट बोलले नाहीत. फोटोच्या खालच्या काठावर बोट ठेवून म्हणाले, फोटो बरोबर आहे, फक्त चार बोटं वर काढला आहे.

भावाने विचारलं, आता प्लास्टर घालायचं का? बाकीची हाडं जुळतात तसं हे पण जुळेल.

डॉक्टर म्हणाले, "संत्र्याचा देठ तुटल्यावर संत्रं सुतळीनं झाडाला बांधून ठेवता का तुम्ही? गोळ्याले रक्त जाते ते या मानेवरून. मान गेली, रक्त गेलं. तो गोळा आता जुळणार नाही, वाळणार."

उपाय एकच होता. मेलेला गोळा काढायचा आणि धातूचा बसवायचा. लवकर, उद्या-परवा. नाही केलं तर बिछाना. मग पाठीला जखमा, छातीत कफ, आणि त्यापुढे काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण ऑपरेशननंतरचे नियम मात्र त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. खाली बसायचं नाही. उकिडवं तर कधीच नाही. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. नवा गोळा वाटीतून निसटू शकतो.

आई स्ट्रेचरवर होती, डोळे मिटून. मला वाटलं, औषधाने गुंगी आली आहे.

दुपारपर्यंत बाळापूरहून मोठी आई आली. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय, आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. वजन कमी, आवाज जास्त. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तिने भावाला समोर बसवलं आणि निकाल देऊन टाकला की या वयात चिरफाड करायची नाही. म्हातारं हाड म्हणजे वाळलं लाकूड, खिळा मारला की तडकतं. तिच्या गावातल्या कुठल्याशा बाईला असंच नेलं होतं आणि ती बाई टेबलावरून परत आलीच नाही. त्यापेक्षा खाटेवर ठेवा, घरात सून आहे, सेवा करेल.

भाऊ आधीच घाबरलेला होता. आईला रक्तदाब आहे, तपासणीत रक्तही कमी निघालं होतं. तो मला म्हणाला, ताई, तिले नाई सोसणार. तू काहून घाई करून राहिली?

मी भावजयीकडे पाहिलं. ती पाण्याची बाटली छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. आठवडाभर तिने सासूला उचललं होतं, तेल चोळलं होतं, आणि आता तिचीच पाठ धरली होती. सेवा करेल म्हणून सगळ्यांनी परस्पर ठरवलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी मोठ्या आईला विचारलं की सेवा म्हणजे काय काय ते तिने मोजून सांगावं. दिवसातून किती वेळा कूस बदलायची, कोण बदलणार. भांडं कोण लावणार. ही नसली, माहेरी गेली, आजारी पडली तर कोण. मोठी आई म्हणाली, तू अमरावतीत बसून गोष्टी सांगू नको.

मी म्हटलं, बसलेली नाही, समोर उभी आहे. आणि हाड म्हणजे लाकूड नव्हे. नववीच्या मुलांना मी दरवर्षी हेच सांगते आणि दरवर्षी तीही अर्धंच लिहितात. सांगाडा शरीराला आकार देतो, आतल्या अवयवांचं रक्षण करतो, एवढं लिहिलं की पेन खाली. पण हाड जिवंत असतं. त्यात रक्त खेळतं, इतकंच काय, रक्त तयारच त्याच्या आत होतं. अंगाला लागणारा चुना त्यात साठवलेला असतो आणि म्हातारपणी तो कोठारातून निघून जातो, भरत मात्र नाही. पोरांना जन्म देताना, पाजताना आईने त्याच कोठारातून काढून दिलं. म्हणून मान बारीक झाली होती, म्हणून एवढ्याशा पडण्याने चिरली. यात वाळल्या लाकडाचं काही नाही.

मोठी आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "शाळेतलं शाळेत ठेव. तिले इचारलं का कोणी?"

हे मात्र तिचं बरोबर होतं. कोणी विचारलं नव्हतं.

मी आत गेले. आई जागी होती, आणि सकाळपासून जागीच होती. डॉक्टरांचा शब्द न् शब्द तिने ऐकला होता. मी स्टूल ओढून बसले आणि सरळ विचारलं. तिचं ठरलेलं होतं. नाही म्हणाली.

मला वाटलं मरणाला घाबरते. तसं नव्हतं. ती म्हणाली, खाली बसता येणार नाही, उकिडवं बसता येणार नाही, तर मी संडासले कशी जाईन? तेच नाही तर त्या बॉलले काय चाटू? मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"काल पोरानं धरलं मले तठी. सून एकीकडून, तो एकीकडून. तोंड फिरवून उभा होता बिचारा. मले मेल्यासारखं झालं. मले माहं माहं जाता आलं पाहिजे. दुसरं काही मागत नाई मी."

या बाईने जन्मभर काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. पण मी त्यावर विरघळले नाही, कारण विरघळायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या यादीत तिचं नाव घालायचं की नाही हे नर्स दोनदा विचारून गेली होती. मी कमोडचं सांगितलं. ती म्हणाली, खुर्चीवर बसून कोणाले होते? मी म्हटलं, पुण्या-मुंबईच्या सगळ्यांना होतं.

"म्हणूनच ते तसे आहेत," ती म्हणाली.

मी हसले, तीही हसली, आणि हसल्याने कळ आली म्हणून मला शिवी दिली. मग मी तिला मांडून सांगितलं. ऑपरेशन केलं तर खुर्चीवर, पण एकटी. नाही केलं तर गादीवर, आणि दोघातिघांसमोर, शेवटपर्यंत. तिसरं काही उरलेलं नाही. घरचा संडास मी बदलून घेते, ते माझं काम. पायावर उभं राहणं तिचं.

तिने विहाराचं विचारलं. पौर्णिमेला सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून चटईवर बसतात, ती काय एकटीच खुर्चीवर बसणार सगळ्यांच्या डोक्यावर? मी म्हटलं, मागे भिंतीशी बस. वंदना खुर्चीवरून कमी पोचते असं कुठे लिहिलेलं नाही.

"उभी कवा करते तो डॉक्टर?"

"दुसऱ्या दिवशी, म्हणतात."

"मंग सांग हो म्हणून. अन् त्या बाळापूरवालीले म्हणा, घरी जाऊ नको. इथीच राह्य."

मोठी आई राहिली. भावाने सही केली. एक बाटली रक्त चढवलं. पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं, आणि आई आत जागी होती, हातोड्याचे आवाज ऐकत होती. नंतर तिने सांगितलं की गावात सुताराच्या अंगणात बसल्यासारखं वाटत होतं.

अर्ध्यातच दार उघडलं आणि एक नर्स स्टीलच्या तसराळ्यात काहीतरी घेऊन आली. नातेवाइकांना दाखवण्याची पद्धत असते. भाऊ पाहू शकला नाही, खिडकीकडे गेला. मी पाहिलं. मोठ्या लिंबाएवढा गोळा, पिवळसर, एका अंगाने इतका गुळगुळीत की ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकत होता. मोडलेल्या बाजूने आत जाळीच जाळी, पोळ्यासारखी, आणि जाळीच्या भोकांतून काळपट रक्त. पुस्तकातल्या आकृतीत ही जाळी टिंबांनी दाखवतात. मी फळ्यावर खडू टेकवून टेकवून ती कितीदा काढली असेल. टिंबांच्या आत अशी ओल असते हे मी शिकवत होते, पाहत प्रथमच होते.

मोठ्या आईने नाकाला पदर लावून वाकून पाहिलं. "एवढंच?" म्हणाली. "यानंच पाडली का हिले?"

आई दवाखान्यात होती तेवढ्यात मला घराचं काम काढायचं होतं. संडास मागच्या अंगणात, दोन पायऱ्या चढून. वडिलांनी बांधला तेव्हा तीच रीत होती. दार आत उघडणारं; आत शिरून, कोपऱ्यात सरकून मग दार लावायचं. वॉकर घेतलेल्या बाईला ते जमणार नव्हतं. भाऊ म्हणाला, एवढ्या उन्हात मिस्त्री भेटत नाही, लग्नसराई आहे. मी शेजारच्या गल्लीत जिथे बांधकाम चालू होतं तिथे जाऊन उभी राहिले आणि सकाळच्या गारव्यात काम करायच्या बोलीवर एकाला घेऊन आले. पायऱ्यांवर उतार घातला, भांडं काढून कमोड बसवला, तोही तळाला वीट घालून उंच केला, भिंतीत दोन्ही बाजूंना धरायला नळीचे दांडे ठोकले. दार उलटं टांगलं, बाहेर उघडणारं. भाऊ संध्याकाळी ऑफिसातून आला, पाहिलं आणि म्हणाला, हे तर मागंच करायले पाहिजे होतं. मग स्वतःच झाडू घेऊन सिमेंटचा राडा काढायला लागला.

दवाखान्यात आईने दुसऱ्या दिवशी उभं राहायचं होतं आणि ती उभी राहत नव्हती. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, गोड बोलायची. आई तिला म्हणे, पडीन. मुलगी म्हणे, नाही पडणार आजी, आतला गोळा पक्का आहे. मला दिसत होतं की गोळ्याचा प्रश्नच नाही. हाड एकटं काही करत नाही, त्याला ओढणारं मांस लागतं, आणि आठवड्याच्या बिछान्याने आईची मांडी पिंडरीएवढी झाली होती. पण तिला हे समजावून उपयोग नव्हता. मोठ्या आईने मुलीला बाजूला केलं, आईच्या समोर जाऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी तुह्यापेक्षा म्हातारी. पाय, मी कशी उभी आहो. ऊठ."

जावेसमोर हरायची आईला सवय नव्हती. ती उठली. वॉकरचे दांडे असे थरथरत होते की त्याची रबरं फरशीवर वाजत होती. ती जेमतेम दहा-बारा श्वास उभी राहिली, घामाने न्हाली, आणि बसताना म्हणाली, झालं का बुढे समाधान?

ऑपरेशनला नाही म्हणणारी मोठी आई त्या दिवसापासून नियमांची राखणदार झाली. दोन पायांमधली उशी आई झोपेत फेकून द्यायची, ती परत लावायची. आई विसरून डाव्या पायावर उजवा टाकायला गेली की खुर्चीतून हाळी यायची, पाय. घरी आल्यावर भावजयीने शेजारच्या बायांना बोलावून उन्हाळी वाळवणाचे सरगुंडे काडीवर वळायला घेतले, तर आई चटईवर बसायला निघालीच होती. मोठ्या आईने तिचं लुगडं मागून धरून ठेवलं. शेवटी आई उंच खुर्चीवर बसून वरून हुकूम सोडत राहिली आणि बायांचं म्हणणं पडलं, आधी बरी होती, खाली बसलेली.

आता संडासचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीचे दिवस खाटेशेजारीच कमोडची खुर्ची ठेवा, अंगणापर्यंत चालवू नका. ठेवली. मध्ये चादरीचा पडदा बांधला. आई तिच्यावर बसायची, पण एक तर मोठी आई खोलीत, नाही तर भावजय पडद्यापाशी, आणि नंतर ते भांडं कोणीतरी उचलून नेणार. तिने जेवण अर्ध्यावर आणलं. मग माझ्या लक्षात आलं की पाणीही पीत नाही. अकोल्याच्या त्या उन्हात, ओठ फुटलेले, आणि ग्लास तोंडाला लावून खाली ठेवायची, भरलेलाच. मी तिला बजावलं की लघवीत जळजळ सुरू झाली की परत सलाईन आणि परत त्याच खाटेवर. ती म्हणाली, मंग मले तठी ने. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. ती म्हणाली, डॉक्टर जाते ना त्याचा तो?

मी डॉक्टरांना फोन केला. पाणी पीत नाही हे सांगितलं, उतार केलाय, दांडे आहेत, दार बाहेर उघडतं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, चालवा, पण मागे माणूस पाहिजे.

त्या दिवसापासून आम्ही खोलीतल्या खोलीत तयारी केली. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. वळताना डाव्या पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं. बसताना डावा पाय पुढे सरकवून ठेवायचा. मी शाळेत कवायतीला उभी असते तशी म्हणत होते आणि ती माझ्याकडे न बघता करत होती. स्वयंपाकघराचा उंबरठा आडवा येत होता, तो काढायचा राहून गेला होता. तिने तो ओलांडून पाहिला, एकदा जमला नाही, पुन्हा जमला.

मग एका सकाळी, ऊन अंगणात यायच्या आत, तिने चहाच्या आधीच पाय खाली सोडले आणि म्हणाली, चल. भावजय धावत आली, तिला मी हातानेच थांबवलं. स्वयंपाकघर, उंबरठा, अंगण. उतारावर ती थांबली, वॉकर घट्ट रोवला, श्वास घेतला, चढली. मी मागून, अंगाला न लागता, हात पसरून होते, लहान मुलाला सायकल शिकवताना धरतात तसे. दारापाशी ती आत शिरली, छोट्या छोट्या पावलांनी वळली, दोन्ही दांडे धरले. मी तिच्या मागोमाग एक पाय आत टाकला.

"तू कुठी येऊन राहिली?"

मी म्हटलं, पडशील. डॉक्टर म्हणाले, मागे माणूस पाहिजे.

"पडली तर आवाज देईन. सर."

मी बाहेर आले. तिने एका हाताने दार ओढून घेतलं. आतून कडी लागली. नव्या दारावर ती घट्ट बसत होती, दोनदा सरकवावी लागली. मी अंगणात उभी राहिले. भिंतीवर एक साळुंकी बसली होती, तिच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"गेली का वं?"

"नाही."

"मंग होणार नाई मले. जा, चाय ठेव."

मी आत गेले, गॅस पेटवला, चहाचं पाणी ठेवलं. भाऊ डोळे चोळत आला, दिवाण रिकामा पाहून दचकला आणि विचारू लागला, माय कुठे आहे. मी म्हटलं, संडासात. तो म्हणाला, सोबत कोण आहे?

"कोणी नाही," मी म्हटलं, "साखरेचा डबा दे."